डॉक्टर व्हिटलोंचे हात

एप्रिल संपत आला होता. एल्डर फोर्ड गावच्या दफनभूमीत तिसऱ्या बाळंतिणीची पेटी खड्ड्यात उतरली, तेव्हा डॉक्टर ओबेड व्हिटलो हॅट हातात धरून उभे होते आणि मनातल्या मनात देवाशी कडाकडा भांडत होते.

आधी खोगीर शिवणाऱ्या लायमन बेल्कनॅपची बायको रोडा गेली. मग नावाड्याची बायको. आणि आज पाद्री पाइक यांची पुतणी. तिघींचं बाळंतपण अगदी सरळ झालं होतं. तिघींना तिसऱ्या दिवशी हुडहुडी भरली, पोट फुगून दगडासारखं झालं, नाडी हाताला लागेना इतकी पळायला लागली, आणि सहाव्या-सातव्या दिवशी खेळ आटोपला. बाळंतज्वर. डॉक्टरांनी तापावरचं कोयनेल दिलं, अफू दिली, पोटावर टर्पेंटाइनचे शेक दिले. कशाचा काडीइतका उपयोग झाला नाही.

त्यांचा राग गावाला नवा नव्हता. तेवीस वर्षांपूर्वी ते अमेरिकेत, इंडियानातल्या या नदीकाठच्या गावात आले. मधली दोन वर्षं यादवीच्या लढाईत, सैन्याच्या तंबूत हातपाय कापण्यात गेली, ती सोडली तर गावातलं प्रत्येक दुखणं त्यांच्या हाताखालून गेलं होतं. आजारी पोराला उशिरा आणणाऱ्या बापाला ते दारातच फाडून खायचे. लोक म्हणायचे, डॉक्टर ओरडतात म्हणजे अजून आशा आहे. ते गप्प बसले की पेटीसाठी सुताराला सांगावा धाडावा. या रागावर गावाचा जीव होता, आणि खरं सांगायचं तर डॉक्टरांचाही होता.

लोक पांगायला लागले तसे तेही फाटकाकडे निघाले. फाटकाशी हेडविग क्रुम उभी होती. सत्तरीला टेकलेली जर्मन विधवा, वीटभट्टीच्या गल्लीत राहायची आणि तिथल्या मजुरांच्या बायकांची बाळंतपणं करायची. सगळं गाव तिला क्रुम आजी म्हणायचं. तिनं डॉक्टरांना हाक मारली नाही, नुसती वाटेत आडवी उभी राहिली.

"डॉक्टर, एक विचारू? या तिघींकडे जायच्या आधी तुम्ही कुठं होतात?"

"कशाला हव्यात चौकशा?"

"दोन महिन्यांत आमच्या गल्लीत नऊ बाळंतपणं झाली माझ्या हातनं. नदी तीच, धुकं तेच, चिखलही तोच. एकीलाही ताप नाही. म्हणून विचारते."

डॉक्टरांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. गेला महिनाभर ते घरोघर सांगत होते, की हा ताप नदीच्या धुक्यातून येतो, खिडक्या लावून घ्या. आणि ही बाई चारचौघांत त्यांना चूक ठरवत होती.

"बाई, मी फिलाडेल्फियात शिकलोय," ते म्हणाले, आणि मुद्दाम सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "तू आंबवलेल्या कोबीच्या पिंपातून हात काढतेस आणि तोच बाळंतिणीला लावतेस. तू मला विचारणार मी कुठं होतो?"

दोन-तीन जण हसले. म्हातारीनं शाल सावरली.

"कोबीत हात घातला तर कोबीचा वास येतो, डॉक्टर. ताप येत नाही," ती म्हणाली आणि आपल्या वाटेनं चालू लागली.

त्या दुपारी डॉक्टरांना जेवण गेलं नाही. म्हातारी काय सुचवत होती ते त्यांना बरोबर कळलं होतं, आणि तेच सलत होतं. विद्यार्थी असताना त्यांनी हे ऐकलं होतं. पूर्वेकडच्या कुण्या डॉक्टरानं लिहिलं होतं, की हा ताप धुक्यातून येत नाही, डॉक्टरच तो एका खाटेवरून दुसऱ्या खाटेवर नेतो. त्यांच्या प्राध्यापकांनी तो लेख वर्गात नाटकी आवाजात वाचून दाखवला होता आणि सगळा वर्ग खो खो हसला होता. विशीतला ओबेड व्हिटलोही हसला होता.

संध्याकाळी ते पाद्री पाइक यांच्याकडे गेले. पुतणीच्या मरणानं पाइक खचले होते, काहीतरी करायला मिळावं म्हणून तडफडत होते. डॉक्टरांनी त्यांना ते दिलं. गावात एक अडाणी बाई बाळंतपणं करते, तिला ना अक्षरओळख ना शरीराची माहिती, आणि वर ती लोकांच्या मनात भलतंसलतं भरवते, असं त्यांनी सांगितलं. पुढच्या रविवारी पाइक यांनी व्यासपीठावरून क्रुमचं नाव घेतलं. ज्या नवऱ्याला बायकोची काळजी आहे त्यानं तिला अडाणी हातात देऊ नये, असं ते म्हणाले. तिसऱ्या बाकावर बसलेल्या डॉक्टरांनी मान डोलावली. म्हातारी त्या चर्चला येत नसे, पण गावात असल्या गोष्टी पोचायला घोडा लागत नाही.

सोमवारी सकाळीच जोएल गॅट दारात हजर. लाकडी पिंपं बनवायचा तो, चोवीस-पंचवीसचा पोरगेला माणूस, मोजकं बोलणारा. त्याची बायको अल्मायरा एकोणीस वर्षांची, पहिलटकरीण. तिनं बाळंतपणासाठी क्रुम आजीला सांगून ठेवलं होतं. परपुरुषासमोर तिला लाज वाटते, जोएल म्हणाला, पण आता पाद्रीबाबाच सांगतात म्हटल्यावर तुम्हीच या. डॉक्टरांनी त्याच्या खांद्यावर थाप मारली. दफनानंतर त्यांना पहिल्यांदाच बरं वाटलं.

नऊ मे, मंगळवार. डॉक्टर सकाळच्या फेरीवर असताना जोएल धावत येऊन त्यांना घेऊन गेला. दुपारच्या आत मुलगी झाली, ठणठणीत, आवाज असा की शेजारची कुत्री भुंकायला लागली. अल्मायरानं घामेजल्या तोंडानं हसून डॉक्टरांना म्हटलं, मी उगाचच घाबरत होते तुम्हाला.

शुक्रवारी तिला हुडहुडी भरली.

डॉक्टरांनी त्या घरात मुक्कामच ठोकला. घोडी जोएलच्या अंगणात बांधली. धुक्याला ते आई-बहिणीवरून शिव्या देत होते, खिडक्यांच्या फटीत चिंध्या कोंबत होते, कोयनेलची मात्रा वाढवत होते. रविवारी दुपारी अल्मायराला थोडी शुद्ध होती. ती जोएलला म्हणाली, "आजीला बोलाव ना." जोएलनं डॉक्टरांकडे पाहिलं. त्याच्या नजरेत नुसती विचारणा होती, दुसरं काही नव्हतं.

"काही गरज नाही," डॉक्टर म्हणाले.

सोमवारी ती गेली.

मंगळवारी सकाळी डॉक्टर अमोस पर्डीच्या घरी गेले, कारण मंगळवार असो की शुक्रवार, तिथं रोज जावंच लागे. पर्डी लाकूड कापायच्या गिरणीत कामाला होता. फेब्रुवारीत त्याच्या पोटरीवर ओंडका घसरला. जखम चिघळली, धावरं उठलं, गुडघ्यापर्यंत पाय लालभडक होऊन फुगला. रोज सकाळी डॉक्टर नस्तर घालून पू काढत, पोटीस बांधत. पाय कापायचा नाही असं त्यांनी ठरवलं होतं. लढाईत कापले तेवढे पुरे झाले होते.

पर्डीला बोलायला फार लागे. दिवसभर खाटेवर पडून त्याचं तोंड तेवढं शाबूत होतं.

"गॅटची बायको गेली म्हणे," तो म्हणाला. "पोर बिचारा. त्या दिवशी इथं आला तेव्हा कसा लटलट कापत होता, आठवतंय ना? तुम्ही माझ्या पायात नस्तर घातलेलं, आणि हा दारात उभा, 'चला डॉक्टर, चला डॉक्टर.' बेल्कनॅपही असाच आला होता. नावाडीपण. तुम्हाला शोधायचं तर माझ्या खाटेपाशी, हे साऱ्या गावाला ठाऊक झालंय. मी बायकोला म्हटलं, माझा पाय बरा झाला ना, तर गावाला डॉक्टर सापडायचा नाही."

आणि तो स्वतःच्याच विनोदावर हसला.

डॉक्टरांनी नुकताच पू काढला होता. नस्तराचं पातं त्यांनी सवयीनं कोटाच्या बाहीवर पुसलं, उजवीकडे एकदा, डावीकडे एकदा. वीस वर्षं ते असंच पुसत आले होते. आता त्यांनी बाहीकडे पाहिलं. काळ्या लोकरीवर मनगटापासून कोपरापर्यंत कडक, चकचकीत थर चढला होता. हा थर त्यांनी रोज पाहिला असेल. कामसू माणसाचा कोट असाच असतो, असं त्यांना वाटायचं.

"काय झालं, डॉक्टर?"

"बोलू नकोस," डॉक्टर म्हणाले.

पर्डीच्या परसात जाऊन ते पडवीच्या खांबाला धरून उभे राहिले. डोकं आपोआप हिशोब करू लागलं आणि त्यांना थांबवता येईना. रोडा, इथून. नावाड्याची बायको, इथून. अल्मायरा, इथून. पाद्रींची पुतणी मात्र नाही. त्या दिवशी ते घरी जेवून मग गेले होते. या एकीला त्यांनी बुडत्यानं काडी धरावी तसं धरलं. मग आठवलं, त्या दिवशी बायकोनं, टॅबिथानं, कोंबडी केली होती. जेवणानंतर बोटांची टोकं तेवढी पाण्यात बुडवली होती, तेलकट झाली म्हणून. साबण नाही. आणि कोट तोच.

मार्चमध्ये ते चार दिवस नदीपलीकडच्या मळ्यांवर अडकले होते, पुलावर पाणी होतं म्हणून. तिथं दोन बाळंतपणं केली. त्या दोघी आज शेतावर मका पेरत होत्या. तेव्हा चार दिवस पर्डीचं तोंड पाहिलं नव्हतं.

ते घरी आले ते सरळ स्वयंपाकघरात. टॅबिथा मक्याच्या भाकरीचं पीठ कालवत होती.

"हा कोट तू कधी धुतेस?"

"अहो, लोकरीचा कोट कुणी धुतं का? दर शनिवारी ब्रश मारते की."

त्यांनी कोट काढून जमिनीवर आपटला. मग सगळं सांगितलं, अर्धं ओरडत, अर्धं दातांतल्या दातांत. टॅबिथा पिठाचे हात तसेच धरून ऐकत राहिली. मग तिनं आधी उठून दार लावून घेतलं.

"कुणाला सांगू नका," ती म्हणाली. "ऐका माझं. आयोवात माझा भाऊ आहे. तिथं डॉक्टर नाही. आपण जाऊ. इथून पुढं हात धुवा, कोट जाळा, काय हवं ते करा, पण सांगू नका. त्या चौघी काही परत यायच्या नाहीत."

"आणि त्यांचे नवरे?"

"त्यांनी ते देवावर सोडलंय. कशाला हिसकावून घेता?"

डॉक्टर तिच्यावर असे भडकले की तीस वर्षांच्या संसारात कधी भडकले नव्हते. तोंडाला येईल ते बोलले. भित्री म्हणाले, स्वार्थी म्हणाले. ती परत पीठ कालवू लागली. बोलता बोलता त्यांच्याच लक्षात आलं, की ती जे म्हणतेय ते पर्डीच्या परसातून घरी येईपर्यंत त्यांच्या मनात दोनदा येऊन गेलं होतं, आयोवासकट.

दुपारी ते वीटभट्टीच्या गल्लीत गेले. क्रुम दाराशी बसून शेंगा सोलत होती. पाद्रींच्या त्या रविवारनंतर तिला बोलावणं आलं नव्हतं, अगदी मजुरांच्या घरूनही. डॉक्टर उभ्या उभ्याच बोलले. पर्डीचा पाय, नस्तर, बाही, कोंबडी, सगळं. ती ऐकत राहिली. तिची बोटं एकदाही थांबली नाहीत.

"मला तुमचं म्हणणं पटलं," ते शेवटी म्हणाले. "तुम्ही काय करता ते मला शिकायचं आहे."

"शिकायला काय ठेवलंय त्यात. गरम पाणी, साबण, नखं कापायची, एप्रन उकळायचा. मढ्याला किंवा सडक्या जखमेला शिवले तर आठवडाभर बाळंतिणीकडे जायचं नाही. माझ्या आईनं मला दहाव्या वर्षी सांगितलं. का म्हणून मी विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही." मग तिनं मान वर केली. "अल्मायरा मला मार्चमध्येच सांगून गेली होती. तिचे बाळाचे कपडे मी शिवलेत. शेवटी तिनं मला बोलावलं होतं का?"

डॉक्टरांना खोटं बोलता आलं असतं.

"हो," ते म्हणाले. "मी नको म्हटलं."

म्हातारीच्या तोंडावर रक्त चढलं. शेंगांची टोपली तिनं बाजूला सारली.

"मग इथं काय आलात? मला एकटीला गाठून कानात सांगायला? माझं नाव तुम्ही मोठ्यानं घ्यायला लावलंत, सगळ्या गावासमोर, देवाच्या घरात. तिथं जाऊन सांगा. मग माझ्या दारात या, नाहीतर येऊ नका."

त्या रविवारी, भजन संपून पाइक प्रवचनाला उभे राहायच्या आत, डॉक्टर तिसऱ्या बाकावरून उठून पुढं गेले. अंगात नवा सुती कोट होता. बाया-माणसांनी वळून पाहिलं. ते भाषण करणारे नव्हते. रोग्याच्या घरी सांगावं तसं त्यांनी थोडक्यात सांगितलं: चौघी बाळंतज्वरानं गेल्या, तो ताप नदीचा नव्हता. अमोस पर्डीच्या जखमेचं विष आपल्या हाताला आणि कोटाला होतं, आपणच ते नेलं. मिसेस क्रुमनी वेळेवर सावध केलं होतं. आपण ऐकलं नाही, उलट त्यांची बदनामी केली. चौथी बाई आपल्याकडे आली ती त्या बदनामीमुळे.

एवढं बोलून ते थांबले आणि वाट पाहू लागले. त्यांना वाटलं होतं कुणीतरी उठेल. शिवी देईल, अंगावर धावून येईल. रात्र-रात्र त्यांनी त्याचीच तयारी केली होती.

कुणी उठलं नाही. कुणीतरी खोकलं. पाइक हळूच पुढं आले, त्यांच्या कोपराला धरलं आणि मंडळीकडे वळून म्हणाले, की आपल्या डॉक्टरांनी या वसंतात विश्रांती म्हणून घेतली नाही, शोकानं त्यांचं मन थकलंय, आपण त्यांच्यासाठी प्रार्थना करूया. आणि सगळ्यांनी माना खाली घातल्या. अख्ख्या चर्चनं त्यांच्यासाठी प्रार्थना केली.

डॉक्टर दार आपटून बाहेर पडले.

त्या आठवड्यात घरी ताटं येऊ लागली. कुणी डुकराचं खारवलेलं मांस पाठवलं, कुणी सफरचंदाची गोड पोळी. बायका टॅबिथाला दारात गाठून हलक्या आवाजात विचारायच्या, आता बरं आहे का त्यांना. डॉक्टर रस्त्यात कुणालाही धरून समजावू पाहायचे, तर माणूस त्यांच्याकडे वेडसर भावाकडे पाहावं तसं मायेनं पाहायचा. इतकी वर्षं ज्या हातांनी पोरं जगवली ते हात असं करतीलच कसे? आणि मग हळूहळू गावानं आपलं उत्तर शोधलं. डॉक्टरांच्या डोक्यात हे भरवलं कुणी? दफनभूमीच्या फाटकाशी त्यांना गाठलं कुणी? मंगळवारी ते तिच्या दारात तासभर उभे होते, गल्लीनं पाहिलं होतं. त्या जर्मन थेरडीनं काहीतरी केलंय त्यांना.

गुरुवारी सकाळी क्रुमच्या खिडक्यांच्या काचा रस्त्यात पडलेल्या सापडल्या. दोनच खिडक्या होत्या, दोन्ही फुटल्या.

डॉक्टरांना हे कळलं तेव्हा ते घोडीवर खोगीर घालत होते. खोगीर तसंच अर्धवट सोडून ते बेल्कनॅपच्या दुकानात गेले, कारण सकाळच्या वेळी गावातले पाच-सहा जण तिथं हमखास बसलेले असत. कातड्याचा वास, गप्पा, कॉफी. ते आत शिरले आणि सगळे उठून उभे राहिले, आदरानं. त्या आदरानं त्यांचं उरलंसुरलं भान सुटलं.

"चार बायका मी मारल्या," ते म्हणाले, "आणि दगड तुम्ही तिच्या काचेवर मारता? माझ्या घराला बारा खिडक्या आहेत. मोजून बारा. तुमच्यातल्या एकाला तरी रस्ता सापडला नाही?"

"बसा, डॉक्टर," कुणीतरी म्हणालं. "पाणी घ्या."

"पाणी नको मला. तुम्हाला कळतंय मी काय म्हणतोय. तुम्ही मूर्ख नाही. म्हणजे असता तर बरं झालं असतं."

लायमन बेल्कनॅप खोगीर शिवायच्या ठोकळ्यामागून बाहेर आला. आडवा, शांत माणूस. रोडाच्या माघारी दोन मुलं आणि तान्हं बाळ तो आणि त्याची बहीण सांभाळत होते. त्याच्या हातात कातड्याला भोकं पाडायचा टोचा होता, तो त्यानं जपून बाकावर ठेवला.

"डॉक्टर, रोडाला देवानं नेलं," तो म्हणाला. "रोज सकाळी उठून मी स्वतःला ते सांगतो. मग मला पोरांना खायला घालता येतं. एवढंच म्हणा, की तुम्ही परवा बोललात ते खरं नाही. माझ्यापुरतं म्हणा. मग आपण सगळे मिळून म्हातारीच्या काचा बसवून देऊ."

"मला तसं म्हणता येणार नाही, लायमन."

"म्हणा, डॉक्टर."

"बारा मार्चला मी पर्डीच्या पायातून तुझ्या घरी आलो. तूच मला न्यायला आला होतास. मी हात धुतले नाहीत."

लायमननं त्यांच्या तोंडावर ठोसा मारला. डॉक्टर मागच्या खोगिरांच्या चवडीवर कोसळले. ओठ फाटला, एक दात हलला. दोघा-तिघांनी लायमनला धरलं, पण तो पुन्हा हात उगारत नव्हता. भिंतीला कपाळ टेकून तो बाप्या माणसानं कधी रडू नये तसा हंबरत होता. डॉक्टर उठले. आपल्यालाही रडू येईल असं त्यांना वाटलं होतं, पण रागच एवढा होता की दुसऱ्या कशाला जागा नव्हती. स्वतःवरचा, पाइकवरचा, त्या ताटांवरचा, फिलाडेल्फियातल्या त्या हसणाऱ्या वर्गावरचा. ते तसेच रक्ताळलेल्या तोंडानं काचवाल्याकडे गेले, दोन काचा घेतल्या आणि वीटभट्टीच्या गल्लीत स्वतः बसवल्या. वाकड्या बसल्या. क्रुम शेजारी उभी राहून त्यांना खिळे देत होती. 

त्या दिवसापासून गाव बदललं. ताटं थांबली. लायमननं डॉक्टरांना मारलं म्हणजे त्यात काहीतरी असणार, असं लोकांच्या मनानं घेतलं, आणि जे ऐकायचं नव्हतं ते त्यांनी आता ऐकलं. पाइक रस्ता ओलांडून पलीकडून जाऊ लागले. ज्यांना परवडत होतं ते बारा मैलांवरच्या गावातून डॉक्टर आणू लागले. तो डॉक्टर हात धूत असे की नाही, हे कुणी विचारलं नाही. व्हिटलोंनी ते विचारलं, त्याला पत्र लिहून. उत्तर आलं नाही. त्यांनी आणखी चार पत्रं लिहिली, प्रत्येक आधीच्यापेक्षा शिवराळ.

पर्डीचा पाय बरा होईपर्यंत ते एकाही बाळंतिणीकडे गेले नाहीत. दोघा नवऱ्यांनी, परवडत नव्हतं म्हणून, त्यांचं दार वाजवलं. डॉक्टरांनी दोघांना क्रुमकडे धाडलं. एकानं जाता जाता शिवी दिली. दोघींची बाळंतपणं नीट झाली.

जूनच्या शेवटी, उन्हाची वेळ होती, जोएल गॅट दारात आला. अल्मायराला पुरल्यापासून त्याला डॉक्टरांनी जवळून पाहिलं नव्हतं. त्या रविवारी तो चर्चमध्ये शेवटच्या बाकावर होता, आणि माना खाली गेल्या तेव्हा त्याची एकट्याची वर होती, एवढं त्यांना आठवत होतं. आता तो निम्म्यानं वाळला होता. छातीशी दुपट्यात गुंडाळलेली मुलगी रडून रडून घोगरी झाली होती. तिच्या कानामागं लिंबाएवढं गळू होतं.

"क्रुम आजी म्हणाली हे कापावं लागेल. म्हणाली, ते तिला येत नाही, तुम्हाला येतं."

डॉक्टरांनी मुलीकडे हात केले. जोएल एक पाऊल मागं सरला.

"आधी धुवा. माझ्यासमोर."

टॅबिथानं चुलीवरचं आधण आणून ओतलं. डॉक्टरांनी बाह्या कोपरापर्यंत वर केल्या आणि साबण घेतला. हात धुतले, मग ब्लीचिंगच्या पाण्यात धरले. ते पुसायला टॉवेल घेणार तोच जोएल म्हणाला, "नखं." त्यांनी नखं घासली. "परत." त्यांनी परत धुतले. त्यांचे हात लाल झाले, जुन्या चिरा झोंबायला लागल्या. जोएल अगदी जवळ उभा राहून, डोळ्याची पापणी न हलवता, एकेक बोट बघत होता. मग म्हणाला, "ते पातंपण." डॉक्टरांनी नस्तर उकळत्या पाण्यात टाकलं आणि दोघं ते उकळताना पाहत उभे राहिले.

"सगळ्यांना वाटतं तुमचं डोकं फिरलंय," जोएल पाण्याकडे बघतच म्हणाला. "किंवा त्यांना तसं वाटायला हवंय. मला पहिल्यापासून वाटलं नाही. तुम्ही बोललात तेव्हाच मला पटलं. शब्द न् शब्द."

"जोएल, मी..."

"माफी मागू नका. मागितलीत तर मी पोरीला घेऊन जाईन, मग तिचं काहीही होवो. मी तुम्हाला माफ करणार नाही. आज नाही, म्हातारा झाल्यावरही नाही. तिनं आजीला बोलाव म्हटलं होतं." त्यानं मुलीचं दुपटं सारखं केलं. "पण बारा मैलांवरचा तो दुसरा डॉक्टर हात धूत नाही. मी जाऊन विचारून आलो. हसला तो. म्हणून इथं आलोय."

त्यानं मुलगी पुढं केली. डॉक्टरांनी तिला घेतलं. जोएलनं तिचं डोकं धरलं, घट्ट, आणि डॉक्टरांनी एकाच झटक्यात गळू फोडलं. पोर किंचाळली, पू आला, मग स्वच्छ रक्त आलं. त्यांनी जखम धुतली, स्वच्छ फडकं बांधलं. रोज आणायला सांगितलं. जोएल आठ दिवस रोज आला, रोज समोर उभं राहून त्यानं त्यांचे हात धुवून घेतले, आणि एकदाही 'येतो' म्हणाला नाही.

मुलगी बरी झाली. पर्डी ऑगस्टमध्ये काठी टेकत गिरणीवर गेला. त्यानंतर डॉक्टर पुन्हा बाळंतिणींकडे जायला लागले, ते क्रुमला बग्गीत शेजारी बसवूनच. ती मरेपर्यंत आठ वर्षं असं चाललं. बग्गीत दोघांचं कडाकड भांडण चाललेलं साऱ्या रस्त्याला ऐकू यायचं. बेल्कनॅप त्यांच्याशी पुन्हा कधी बोलला नाही. पाइक बोलले, पण हवापाण्याबद्दल.

आणि जोएल गॅट, त्याच्या घरी ताप असो, खोकला असो, दुसऱ्या बायकोचं बाळंतपण असो, व्हिटलोंखेरीज कुणाला उंबरा ओलांडू देत नसे. पाणी तो स्वतः उकळून तयार ठेवी. डॉक्टर हात धूत तोवर शेजारी उभा राहून बघे, मग बाजूला होऊन वाट देई. चौदा वर्षांत त्यानं त्यांना एकदाही बसा म्हटलं नाही.